परमिट रूम, पब आणि आपली मुले

दारू पिऊ नये हे आपल्याला कोणी नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. पंचशीलातील पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेत ग्रहण करतो. तेव्हा आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत बार व नाइटक्लबमधील हानी कमी कशी करता येईल, हा विषय कशासाठी, असा प्रश्न काही ज्येष्ठ उपासकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर प्रथम देतो.

आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले परमिट रूममध्ये वेटर आहेत, पबच्या दारावर बाउन्सर किंवा सुरक्षारक्षक आहेत, रात्री दोन वाजता तेथील फरशी पुसणाऱ्या बायका आपल्याच आहेत. बारबाहेर गिऱ्हाइकाची वाट पाहत थांबलेला रिक्षावालाही बहुधा आपलाच असतो. यांपैकी बहुतेक जण दारूला शिवत नाहीत. पण फुटलेला ग्लास लागतो तो वेटरला, गुन्हा दाखल होतो तेव्हा पहिले नाव येते वाढणाऱ्याचे, आणि मध्यरात्री भरधाव गाडीखाली सापडतो तो पायी किंवा दुचाकीवरून घरी निघालेला माणूस. दारू पिणाऱ्याचे जे व्हायचे ते होवो, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही ते यामुळे.

अंगुत्तर निकायात उपासकाने टाळावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत, त्यांत मद्याचा व्यापार आहे. यावरून काही मंडळी बारमध्ये नोकरी करणाऱ्या मुलाला विहाराच्या कामात पुढे येऊ देत नाहीत. प्रस्तुत लेखकाला हे पटत नाही. परवाना ज्याच्या नावावर आहे आणि नफा ज्याच्या गल्ल्यात जातो त्याचा तो व्यापार. पगारावर आणि टीपवर राबणाऱ्या मुलाला दुसरी नोकरी मिळवून देणे हा त्यावरचा खरा उपाय आहे. ती मिळेपर्यंत त्याला त्याच्या कामाच्या जागी सुरक्षित राहण्याचे ज्ञान देणे आपल्याला शक्य आहे, आणि हा लेख त्याच हेतूने लिहिला आहे.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी राजगृहाजवळ सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले : धनाचा नाश, भांडणे, रोग, अपकीर्ती, लाज सोडून वागणे आणि बुद्धी दुबळी होणे. त्याच सुत्तात अवेळी रस्त्यावर भटकण्याचे दुष्परिणाम वेगळे सांगितले आहेत. मद्य, भांडण आणि अवेळ यांचा संबंध किती जवळचा आहे, हे आधुनिक संशोधनाने आकड्यांनी दाखवून दिले आहे. ते पुढे येईलच.

सगळे बार बंद करा, हा दुसरा आक्षेप. यामागची तळमळ खरी आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तिच्यामागे लोकांची, विशेषतः स्त्रियांची, मोठी चळवळ होती. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली ती उठवण्यात आली. गावातील स्त्रियांनी मतदान करून दुकान बंद पाडण्याची, म्हणजे बाटली आडवी करण्याची, तरतूद आपल्या राज्यात आहे आणि ती मोलाची आहे. परंतु मुंबईत विक्रोळीला २००४ साली आणि मालवणीला २०१५ साली विषारी गावठी दारूने कितीतरी घरांचे कर्ते पुरुष गेले. एकट्या मालवणीत मृतांचा आकडा शंभरावर गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः दारूला शिवत नसत. तरीही १९५१ सालच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात त्यांनी दारूबंदी रद्द करावी अशी भूमिका घेतली होती. सरकारचा महसूल बुडतो आणि चोरट्या गाळपाला ऊत येतो, हा त्यामागचा हिशेब होता. व्यक्तीचे शील आणि सरकारचे धोरण यांची त्यांनी गल्लत केली नाही. २००५ साली महाराष्ट्रात डान्स बार एका फटक्यात बंद झाले, तेव्हा हजारो स्त्रिया एका रात्रीत बेरोजगार झाल्या. त्यांचे पुढे काय झाले हे विचारायला फारसे कोणी गेले नाही. तात्पर्य, बार आज आहेत आणि उद्याही असणार आहेत. ते आहेत तोवर तेथे होणारी इजा, मारामारी आणि मृत्यू कमी कसे होतील, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

आता थोडे शरीरशास्त्र. विद्यार्थी मित्रांनी हा भाग वहीत उतरवून घ्यावा. आपल्याकडील व्हिस्की, रम यांच्या बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण बहुधा ४२.८ टक्के लिहिलेले असते. म्हणजे ३० मिलिलिटरच्या स्मॉल पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, तर ६० मिलिलिटरच्या लार्जमध्ये सुमारे २० ग्रॅम. "बिअर म्हणजे काही दारू नव्हे," असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा : ६५० मिलिलिटरच्या ५ टक्क्यांच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम मद्यार्क असतो आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम. म्हणजे स्ट्राँग बिअरची एक बाटली म्हणजे चार स्मॉल पेग.

साठ किलो वजनाच्या पुरुषाने दोन लार्ज भराभर घेतले, तर त्याच्या रक्तातील प्रमाण १०० मिलिलिटरमागे ९० ते १०० मिलिग्रॅमच्या घरात जाते. त्याच वजनाच्या स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने ते आणखी वर जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार वाहनचालकासाठी मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. यकृत हे मद्य साधारणपणे ताशी १५ मिलिग्रॅम या वेगाने कमी करते. हा वेग कॉफीने वाढत नाही, लिंबूपाण्याने वाढत नाही, डोक्यावर थंड पाणी ओतल्यानेही वाढत नाही. माणूस जागा होतो इतकेच. म्हणजे दोन लार्जनंतर कायद्याच्या मर्यादेत यायला चार ते पाच तास लागतात.

याच हिशेबाचा एक भाग आपल्या समाजाने विशेष लक्षात घ्यावा. ३१ डिसेंबरच्या रात्री साडेबारापर्यंत ज्याने चार लार्ज घेतले, त्याच्या रक्तात १ जानेवारीला सकाळी सहा वाजता शंभराहून अधिक मिलिग्रॅम शिल्लक असू शकते. मर्यादेत यायला त्याला दुपार होते. नेमक्या त्याच पहाटे शेकडो टेम्पो, जीप आणि बसगाड्या भीमा कोरेगावच्या वाटेला लागलेल्या असतात. भाड्याची गाडी ठरवताना चालकाला आदल्या रात्री किती वाजता झोपलास आणि काय घेतलेस, हे विचारणे म्हणजे त्याचा अपमान करणे नव्हे. मागे बायका-मुले बसलेली असतात.

आता मुख्य विषयाकडे वळू. बारमधील हानी कमी करण्याचे जे प्रयोग जगात झाले, त्यांत स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथील प्रयोग अभ्यासण्यासारखा आहे. नशा चढलेल्या माणसाला आणखी दारू देऊ नये, असा त्या देशात कायदा पूर्वीपासून होता. तो पाळला जातो का, हे पाहण्यासाठी १९९६ साली संशोधकांनी एक युक्ती केली. व्यावसायिक नटांना झिंगलेल्या माणसाचा अभिनय शिकवला आणि त्यांना बारमध्ये पाठवून बिअर मागायला लावली. नट अडखळत, बरळत काउंटरवर जात. ९५ टक्के वेळा त्यांना बिअर मिळाली. कायदा पुस्तकात होता, काउंटरवर नव्हता. आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

त्यानंतर तेथे 'स्टॅड' या नावाने दीर्घकालीन प्रकल्प सुरू झाला. आरोग्य खाते, परवाना देणारे मंडळ, पोलीस, हॉटेलमालकांची संघटना आणि हॉटेल कामगारांची युनियन हे सर्व एका समितीत बसले. कामगारांची युनियन त्यात होती हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे अशा बैठकीत वेटरला चहा आणण्यापुरतेच बोलावतात. वेटर, दारावरचे रक्षक आणि मालक यांच्यासाठी दोन दिवसांचा वर्ग ठेवण्यात आला. मद्याचा शरीरावर परिणाम कसा होतो, कायदा काय म्हणतो, भांडण पेटण्यापूर्वी ते कसे ओळखावे आणि गिऱ्हाइकाला नकार कसा द्यावा, हे त्यात शिकवले जाई.

नुसता वर्ग घेऊन भागत नाही, हे त्या मंडळींना ठाऊक होते. म्हणून परवाना मंडळाने आणि पोलिसांनी तपासणीची पद्धतही बदलली. ज्या बारबद्दल तक्रार येई त्याला परवाना मंडळाचे पत्र जाई. सुधारणा दिसली नाही तर तपासणी होई, आणि परवान्याला धक्का लागू शकतो हे मालकाला कळून चुके. १९९९ साली पुन्हा नट पाठवले, तेव्हा नकाराचे प्रमाण ५ वरून ४७ टक्क्यांवर आले होते. २००१ साली ते ७० टक्के झाले. ज्या भागात हा प्रकल्प राबवला, तेथे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील हिंसक गुन्हे तुलनेच्या भागाच्या मानाने २९ टक्क्यांनी कमी झाले. पुढे खर्चाचा हिशेब केला तेव्हा असे दिसले की, प्रकल्पावर खर्च केलेल्या प्रत्येक युरोमागे समाजाचे ३९ युरो वाचले.

तपासणीचे महत्त्व अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या एका परगण्यातही दिसून आले. तेथे साध्या वेशातील पोलीस बारमध्ये बसत आणि झिंगलेल्याला दारू वाढली की कारवाई करीत. नाटकी गिऱ्हाइकांना मिळणारा नकार १७.५ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांपर्यंत गेला. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्यांमध्ये बारमधून निघालेल्यांचे प्रमाणही घटले. काही काळाने नकाराचे प्रमाण पुन्हा ४१ टक्क्यांवर उतरले. भीती ओसरली की सवय परत येते, ही मानवी गोष्ट आहे.

वेटर नकार का देत नाही, याचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधू नये. त्याचा पगार तुटपुंजा असतो, टीप बिलाच्या आकड्यावर ठरते आणि टेबलाचे बिल कमी झाले तर शेठ विचारतो. नकार दिला तर गिऱ्हाइकाची शिवी, न दिला तर पोलिसांची भीती. अशा स्थितीत नकार देण्याचे ओझे एकट्या वेटरवर टाकणे अन्यायाचे आहे. ते काम मालकाने वा मॅनेजरने स्वतःकडे घ्यावे. कोणत्या खुणा दिसल्या की पेग थांबवायचा हे ठरवून द्यावे, आणि नकार दिल्याबद्दल कोणाचीही नोकरी जाणार नाही हे सर्वांसमोर सांगावे. कॅनडातील टोरोंटो शहरात बारमधील नोकरांना भांडण हाताळण्याचे शिक्षण देण्यात आले. त्याचा चांगला परिणाम झाला, परंतु जेथे नोकर वारंवार बदलत होते तेथे तो टिकला नाही. आपल्याकडे परमिट रूममधील पोऱ्या सहा महिन्यांत दुसरीकडे जातो. वर्ग वर्षातून एकदा घेऊन चालणार नाही, हे त्यावरून समजते.

आता वेळेचा प्रश्न. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल शहरात काही पब पहाटे पाचपर्यंत उघडे असत आणि रात्रीच्या मारहाणीने लोक हैराण झाले होते. मार्च २००८ मध्ये मध्यवर्ती भागातील १४ पबवर निर्बंध आले. दुकान आधी तीनला, नंतरच्या सुधारित आदेशाप्रमाणे साडेतीनला बंद करावयाचे, आणि रात्री दीडनंतर नवे गिऱ्हाइक आत घ्यायचे नाही. रात्रीची मारहाण शेजारच्या तुलनेच्या भागाच्या मानाने ३७ टक्क्यांनी कमी झाली. नॉर्वेतील १८ शहरांच्या अभ्यासात असे आढळले की, बंद होण्याची वेळ एक तासाने पुढे ढकलली की रात्रीची हिंसा सुमारे १६ टक्क्यांनी वाढते आणि एक तास अलीकडे आणली की तितकीच घटते. अवेळेबद्दल सिगालाला दिलेली ताकीद येथे वाचकांना आठवेल.

तथापि याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सिडनी शहरात २०१४ साली असेच नियम आले. किंग्ज क्रॉस या भागातील मारहाण पहिल्या पाहणीत ३२ टक्क्यांनी घटलेली दिसली. परंतु कालांतराने जवळपासच्या काही भागांत थोडी वाढ झाली, अनेक संगीताची ठिकाणे आणि हॉटेले बंद पडली, वादक आणि कामगार रस्त्यावर आले, आणि २०२० व २०२१ मध्ये ते नियम टप्प्याटप्प्याने मागे घेण्यात आले. वेळ कमी केल्याने इजा घटते, यात शंका राहिलेली नाही. पण ज्यांची रोजी बुडते त्यांची सोय अगोदर लावली नाही, तर नियम टिकत नाही.

जागेची रचना हाही एक मोठा विषय आहे. बारमधील अनेक भांडणे धक्का लागण्यावरून सुरू होतात. काउंटरपुढे गर्दी, संडासाची एकच अरुंद वाट, दाराशी रांग, आत उकाडा, कानठळ्या बसवणारा आवाज आणि बसायला जागा नाही, अशा ठिकाणी हातघाई लवकर होते. टेबले थोडी हलवली, काउंटर आणि संडास यांच्या वाटा वेगळ्या केल्या, तरी फरक पडतो. खारे शेंगदाणे आणि फुटाणे यांचा चकणा फुकट देतात तो दया म्हणून नव्हे. मिठाने तहान वाढते आणि पेग वाढतो. पोळीभाजी किंवा भात पोटात असला तर मद्य रक्तात सावकाश जाते. इंग्लंड व वेल्समध्ये २०१० पासून बारमध्ये पिण्याचे साधे पाणी मागितल्यास फुकट देणे बंधनकारक आहे. तसेच ठरावीक पैशांत वाटेल तेवढे प्या, अशा प्रकारच्या बेजबाबदार योजनांवर बंदी आहे. आपल्याकडील 'अनलिमिटेड'च्या पाट्या आणि मुलींना फुकट दारू देणाऱ्या 'लेडीज नाइट'च्या जाहिराती पाहिल्या की हा नियम किती निकडीचा आहे ते कळते. मुलींना फुकट पाजण्यात मुलींचे हित कोणी पाहत नाही, हे आपल्या महाविद्यालयीन भगिनींनी ओळखावे.

फुटलेल्या ग्लासने होणाऱ्या जखमांविषयी एक उद्बोधक गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये साध्या काचेऐवजी कडक केलेल्या काचेचे ग्लास वापरावेत, अशी सूचना होती. प्रत्यक्ष तुलना केली तेव्हा कडक ग्लास वापरणाऱ्या बारमधील नोकरांना उलट जास्त इजा झाल्याचे आढळले, कारण ते ग्लास नीट कडक केलेलेच नव्हते आणि धक्क्याने लवकर फुटत. चांगला वाटणारा उपायही तपासून घ्यावा लागतो. उशिरापर्यंत चालणाऱ्या ठिकाणी प्लास्टिकचे मजबूत ग्लास वापरणे आणि रिकामे ग्लास, बाटल्या टेबलावरून तत्काळ उचलणे, हे मात्र बिनधोक आहे.

ही तुलना करणाऱ्यांत वेल्समधील कार्डिफचे जोनाथन शेफर्ड हे जबड्याचे व चेहऱ्याचे शल्यचिकित्सक होते. फाटलेले चेहरे शिवता शिवता त्यांच्या लक्षात आले की, मारहाणीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्यांपैकी बहुसंख्य प्रकरणे पोलिसांच्या दप्तरी पोहोचतच नाहीत. मग कार्डिफमध्ये अशी पद्धत बसवण्यात आली : अपघात विभागातील कारकून जखमीला तीन-चार प्रश्न विचारी. मारहाण कोठे झाली, केव्हा झाली, कशाने मारले. नाव-गाव वगळून ही माहिती महिन्याच्या महिन्याला पोलीस व नगरपालिका यांच्याकडे जाई. कोणत्या बारमधून सर्वाधिक जखमी येतात ते नकाशावर दिसू लागले. पोलिसांची गस्त त्या रस्त्यावर वाढली, परवान्याच्या वेळी ते आकडे पुढे ठेवले गेले. मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण लाख लोकसंख्येमागे महिन्याला ७ वरून ५ वर आले. त्याच काळात तुलनेच्या इतर शहरांत ते ५ वरून ८ वर गेले होते. या उपायाला लागला तो एक कारकून, एक कोष्टक आणि महिन्याची एक बैठक. आपल्या समाजातील जे विद्यार्थी वैद्यकीय, समाजकार्य किंवा संख्याशास्त्राचा अभ्यास करीत आहेत, त्यांनी आपापल्या शहरातील सरकारी रुग्णालयात असे काही करता येईल का, याचा जरूर विचार करावा.

आपल्या राज्यातील कायद्याची माहिती थोडक्यात अशी. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येथे दारू पिण्यासाठी परवाना लागतो. 'परमिट रूम' हे नाव त्यावरूनच पडले. आज कितीजण तो परवाना खिशात ठेवतात हा वेगळा विषय. बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे व व्हिस्की, रम आदी कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे. १८ वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्यास बालन्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. येथे 'देणारा' म्हणजे केवळ मालक नव्हे, हे वेटरचे काम करणाऱ्या मुलांनी पक्के ध्यानात ठेवावे. १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाने चालवलेल्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. त्या रात्री ज्या बारमध्ये त्याला दारू देण्यात आली, तेथील मालक-व्यवस्थापकांवर गुन्हे दाखल झाले. वयाचा दाखला पाहिल्याशिवाय वाढायचे नाही, हा नियम मालकाकडून लेखी घेता आला तर घ्यावा. किमान मॅनेजरला साक्षीदारांसमोर विचारून ठेवावे.

दारू पिऊन वाहन चालवल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास १५ हजार रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे आकडे लागू आहेत. सुरक्षारक्षकाचे काम करणाऱ्यांसाठी २००५ चा खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा आहे. त्यानुसार रक्षकाला प्रशिक्षण देणे ही एजन्सीची जबाबदारी आहे. पुष्कळ मुलांना काळा टी-शर्ट आणि "दारावर उभा राहा," एवढेच प्रशिक्षण मिळते. ज्याला शिकवलेले नाही तो हात उगारतो, आणि बाहेर काढलेल्या गिऱ्हाइकाचे डोके फुटपाथवर आपटले की कोठडीत तोच बसतो. गिऱ्हाइकाला बाहेर काढताना एकट्याने जाऊ नये, मानेला किंवा छातीवर दाब देऊ नये, जिन्यावर ढकलू नये. बोलणाऱ्याने एकानेच बोलावे, तेही त्याच्या मित्रांमार्फत. मित्रांसमोर अपमान झाला की माणूस पेटतो.

नकार देण्याची भाषाही शिकण्यासारखी आहे. "तुम्हाला जास्त झालीय" हे वाक्य हमखास भांडण लावते. अनुभवी कॅप्टन असे म्हणत नाही. तो म्हणतो, "साहेब, आधी जेवण लावू का? तंदूर बंद व्हायला आलाय." पाण्याची बाटली न सांगता टेबलावर ठेवतो, पुढच्या पेगला थोडा वेळ लावतो, बरोबरच्या शुद्धीवर असलेल्या माणसाला बाजूला घेऊन सांगतो, "दादा, यांना घरी सोडायची व्यवस्था बघा, रिक्षा मी बोलावतो." गाडीची किल्ली गोडीने मागून काउंटरवर ठेवून घेतली, तर सकाळी तोच माणूस आभार मानून ती नेतो. निदान शिव्या देत तरी नेतो, पण स्वतःच्या पायांनी येऊन नेतो.

शेवटची बाब जिवाशी संबंधित आहे. खूप प्यालेला माणूस टेबलावर डोके ठेवून पडला किंवा संडासात सापडला, तर तो "झोपलाय" असे समजून सोडून देऊ नये. पोटातील दारू रक्तात जाणे चालूच असते आणि प्रकृती पुढच्या अर्ध्या-एक तासात बिघडू शकते. हलवून, मोठ्याने हाक मारूनही तो डोळे उघडत नसेल, श्वास मिनिटाला आठापेक्षा कमी असेल किंवा मध्येच थांबत असेल, अंग गार व ओठ निळसर पडले असतील, तर १०८ क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. अशा माणसाला मीठपाणी पाजून ओकारी काढू नये, ती श्वासनलिकेत जाऊन माणूस गुदमरतो. उताणे झोपवू नये. एका कुशीवर वळवावे, वरचा गुडघा वाकवून पुढे टेकवावा म्हणजे तो पालथा होणार नाही, तोंड किंचित जमिनीकडे ठेवावे म्हणजे उलटी बाहेर पडेल. रुग्णवाहिका येईपर्यंत एकाने त्याच्याजवळ बसून श्वास मोजत राहावे. अशा गोष्टी लिहून ठेवायला कागद लागत नाही, मोबाइलवरही चालते : किती वाजल्यापासून बसला होता, काय आणि किती घेतले, कोणत्या गोळ्या घेतल्याचे मित्र सांगतात का, आणि पडताना डोके आपटले होते का. रुग्णवाहिकेतील डॉक्टर हेच चार प्रश्न विचारतात.